दिलशाद घसरते

मिरजेत किल्ल्याच्या अंगाला तिच्या बापाचं चाक.
कात्र्या, विळ्या, न्हाव्यांचे वस्तरे,
खाटकांच्या सुऱ्या, फडक्यात गुंडाळलेल्या.
त्यांच्यात एकदा तिनं आणून ठेवले बूट,
तळाला पातं असलेले.
रमजानचाचांनी ते उलटसुलट करून बघितले:
"ह्या सुरीला मूठ कुठंय?"
"मूठ म्हंजे मी," दिलशाद म्हणाली.

त्याच्या आधीची गोष्ट बेसबॉलची.
सांगलीत, हळदीच्या पेठेमागचं मैदान.
वारा सुटला की चेंडू पिवळा व्हायचा.
मी मास्क घालून उकिडवी, होम प्लेटच्या मागं,
आणि लोंढे सर ओरडायचे, "पोरींनो, घसरा!"

कुणीच घसरेना.
आम्हाला कळत्या वयापासून एवढंच तर शिकवलेलं:
पाय घसरता कामा नये.
आमच्या गल्लीतली कुमुद घसरली म्हणतात,
तिचं नाव पुन्हा कुणी नीट घेतलं नाही.
आणि हा माणूस, गळ्यात शिट्टी,
भर दुपारी, लोकांच्या देखत, घसरा म्हणतोय.

दिलशाद तिसऱ्या बेसवरून सुटली
आणि माझ्या अंगावर धूळ आली, मग ती.
खुब्यापासून घोट्यापर्यंत सोललेली,
हसत होती.
हळद शोधावी लागली नाही. हवेतच होती.

बर्फ आम्हाला माहीत होता तो भुशातला,
कारखान्याच्या दारात पोत्याखाली झाकलेला,
किंवा मुंबईचा मुलगा येईपर्यंत
म्हाताऱ्याच्या खाली लावलेला.
ती आधी चाकांवर शिकली,
मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर,
ज्या दिवशी मुहूर्त नसेल त्या दिवशी.
पंचांग बघून सराव करणारी
मी पाहिलेली ही एकच खेळाडू,
आणि तीही शिकलगारांची.

लेहहून तिचा फोन आला, आवाज तुटक:
"इथला बर्फ पांढरा नाही गं, काळा आहे.
खाली पाणी सरकताना दिसतं.
उभं राहिलं की भीती वाटते, म्हणून मी उभीच राहत नाही.
अकरा-शून्य हरलो.
पडल्यावर कपडे मळत नाहीत, बघ,
त्याचंच कसंतरी होतं."

मग तेच चालू राहिलं काही वर्षं.
डिसेंबरात रेल्वेनं वर, मार्चमध्ये खाली,
एका पिशवीत ग्लव्ह, एका पिशवीत पाती.
भरतीच्या टेबलावरच्या साहेबांनी
दोन्ही प्रमाणपत्रं उन्हात धरून पाहिली.
"एक काहीतरी धरायचं होतं, बाई."
ती म्हणाली, धरलंच होतं की,
दोन हात आहेत.

साताऱ्याच्या सामन्यात पुढची पाळी माझी,
बॅट घेऊन उभी होते, म्हणून ऐकू आलं:
ओला वासा मोडावा तसा गुडघा.
धुळीतून तिचा हात आला
आणि प्लेटवर पडला, पालथा.
अंपायरनं सेफ दिलं.
स्ट्रेचर शाळेच्या बाकाचं केलं होतं.

परवा मिरजेत स्टेशन रोडला,
एप्रिलचं ऊन, डांबर मऊ.
बर्फाच्या टेम्पोतून लादी निसटली, फुटली.
दिलशाद माझ्याबरोबर,
काखेत धार लावलेल्या सुऱ्यांची पिशवी.
चाचा गेल्यापासून चाक तीच फिरवते.
पोरं क्रिकेट खेळत होती गटाराकडेला,
रनरच्या टोकाला दोन चपला.

वीटभर तुकडा तिच्या पायाशी आला.
तिनं तो लगेच ढकलला नाही.
आधी अंगठ्यानं जरा फिरवला,
मग मोडक्या पायाच्या आतल्या बाजूनं
असा सोडला
की मागं सरळ ओली रेघ,
आणि तुकडा दोन चपलांच्या मधून पार.

"ओ मावशी, बर्फ हाय आमचा!" टेम्पोवाला ओरडला.

"अकरा-एक," ती म्हणाली,
मला नाही, असंच,
आणि सुऱ्या पोचवायला वळली खाटीकगल्लीत,
किंचित लंगडत.